पंप नव्हे, वाट

कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, ‘पंप’ होतं आणि त्यासाठी एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्ची पडतं, असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. ते काही पटलं नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर साधारण १८० मिलिव्होल्टचं विभवांतर (विद्युतदाबाचा फरक) असतं, आतली बाजू ऋण. धनभारित कॅल्शियम त्या ओढीनेच आत शिरतं. एमसीयू हे त्या पटलातलं प्रथिन म्हणजे नुसती वाट. तिच्या तोंडाशी एमआयसीयू१ हे दुसरं प्रथिन रखवालदारासारखं बसलेलं असतं आणि बाहेर कॅल्शियम पुरेसं वाढल्याशिवाय हलत नाही.

चर्चेत यीस्टचा विषय आलाच नाही, आणि मला तर तोच सगळ्यात मजेशीर वाटतो. हे शोषण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं, पण प्रथिनं काही हाती लागेनात. पावाच्या यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात ही सोयच नाही, प्राण्यांत मात्र आहे. मग प्राण्यांत आहेत पण यीस्टमध्ये नाहीत अशी प्रथिनं चाळली गेली. त्यातून २०१०मध्ये एमआयसीयू१ आणि त्याचा माग काढत २०११मध्ये खुद्द एमसीयू सापडलं. पुढे तेच यीस्ट उलट्या प्रयोगाला कामी आलं. मानवी एमसीयू एकटंच त्यात घातलं तर ढिम्म; जोडीला ईएमआरई हे चिमुकलं प्रथिन दिलं की कॅल्शियम आत जायला लागतं! डिक्टिओस्टेलियम या अमिबाचं एमसीयू मात्र एकट्यानेच भागवतं. आणि रखवालदार बिघडला तर काय? एमआयसीयू१च्या जनुकात दोष असलेल्या मुलांत स्नायूंची कमजोरी, शिकण्यात अडचणी आणि हालचालींचे विकार दिसले आहेत.