भिंती रंगवायच्यात आणि खिसा हलका आहे: तुमचे अनुभव सांगा

जावेच्या मुलीचा साखरपुडा आमच्या घरी करायचं ठरलंय, कारण आमचा हॉल म्हणे मोठा आहे. हॉल मोठा आहे हे खरं, पण 2013 साली ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने फासलेला रंग अजून तोच आहे. धायरीतला 1 बीएचके, सोफ्याच्या मागे तेलकट डोक्यांचे तीन गोल ठसे. कुणाचा कुठला तेही मला सांगता येतं.

एका कॉन्ट्रॅक्टरने 46,000 सांगितले. दुसरा आला, अंगठ्याने भिंत दाबून बघितली, "ताई, सगळं खरवडायला लागणार" असं म्हणाला, आकडा फोनवर सांगतो म्हणून गेला तो गेलाच. माझ्याकडे आहेत 20,000. ओढूनताणून 22.

कुठल्या कंपनीचा रंग भारी यावर भांडण नको. पैसे कुठे वाचवलेत आणि कुठे वाचवून फसलात, तेवढं सांगा. फसलेले आधी.

बदलापूर

सगळ्यात आधी टेप घ्या आणि स्वतः मोजा. बाकी सगळं नंतर.

आमचा 415 कार्पेटचा फ्लॅट. कॉन्ट्रॅक्टरने दारात उभं राहून नजर फिरवली आणि "1,850 चौरस फूट धरा" म्हणाला. दर 16 रुपये, म्हणजे 29,600. मी आणि मुलगा रविवारी बसलो. हॉल 10 बाय 15, उंची साडेनऊ. चार भिंतींचा घेर 50, गुणिले साडेनऊ म्हणजे 475. छत 150. एकूण 625, त्यातून दोन दारं आणि खिडकी वजा केली तर 560 च्या आसपास. असं करत सगळं घर 1,340 वर आलं. त्याने स्वयंपाकघराच्या टाइल्सची भिंतसुद्धा रंगात धरली होती! त्याच दराने हिशोब 21,440 झाला. दोन तासांच्या मोजणीत 8,000 वाचले, माझ्या आयुष्यातली सर्वांत जास्त पगाराची नोकरी ती. (लहान खिडक्या-दारं वजा न करण्याची धंद्यात रीत आहे, कडांना वेळ लागतो म्हणून. तेवढं मान्य. टाइल्स कशा मान्य करायच्या?)

दुसरं, माल आपण आणायचा, त्यांची फक्त मजुरी. आधीच्या घरात मालासकट काम दिलं होतं आणि एकदा जेवायला लवकर घरी आलो तर माणूस 10 लिटरच्या बादलीतला रंग दोन बादल्यांत करून नळाखाली धरत होता. पाणी घालावं लागतंच, आमच्या डब्यावर लिटरला अर्ध्या लिटरपर्यंत लिहिलेलं होतं. पण त्याने बरोबरीने घातलं होतं. वर्षभरात भिंत पुसली की फडक्यावर रंग यायचा. या वेळी साधं इमल्शन (पाण्यात मिसळायचा प्लॅस्टिक रंग) आणलं, लिटरला दोन हातांचे, म्हणजे दोन थरांचे, 120 फूट धरून. 11 लिटरमध्ये घर झालं.

संगमेश्वर

आमच्याकडे अजून चुना. हसू नका. घर जांभ्याचं, आतून चुन्याचाच जुना गिलावा. भावाने मुंबईहून येऊन माजघराला इमल्शन मारलं, दिसायला झकास. पुढच्या श्रावणात रंगाचे फुगे आले आणि गौरी यायच्या दिवशी त्यातला एक पोळीच्या आकाराचा पापुद्रा देव्हाऱ्यासमोर पडला. जांभा पाणी ओढतो, ते बाहेर यायला वाट लागते. चुना ती देतो, प्लॅस्टिकचा थर देत नाही.

करायचं कसं, तर कळीचा चुना लोखंडी पिंपात घ्यायचा आणि त्यावर पाणी. प्लॅस्टिकच्या बादलीत करू नका, बुड वितळतं. आजोबा आम्हा पोरांना पडवीच्या पलीकडे उभं करायचे, कारण चुना उकळून थडथड उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. रात्रभर विरू द्यायचा, सकाळी जुन्या धोतराने गाळायचा. त्यात थोडी नीळ, नाहीतर पांढरा पिवळट दिसतो, आणि पकड यावी म्हणून डिंकाचं पाणी. पातळ, ताकाइतकाच. भिंतीवर आधी पाणी मारायचं, मग कुंच्याने एक हात आडवा, एक उभा, एक पुन्हा आडवा. ओला असताना भिंतीवर काहीच दिसत नाही. माणूस घाबरून जाड मारतो आणि मग तो पिठासारखा झडतो. संध्याकाळी वाळल्यावर बघा, आपोआप पांढरा होतो.

खर्च म्हणाल तर पाच खोल्यांना 1,500 च्या आत, अंगमेहनत सोडून. टेकून बसलात तर पाठ पांढरी होणार, हे मात्र कबूल. आणि एक, गणपतीच्या तोंडावर ऐन पावसात रंग काढू नका. आम्ही कोकणातले सगळे दरवर्षी हेच सांगतो आणि दरवर्षी श्रावणातच काढतो.

नागपूर

भाड्याचं घर असेल तर डिस्टेंपर मारा आणि विषय संपवा. मालक डिपॉझिटमधून रंगाचे कापणारच, तुम्ही मखमल लावली तरी. मी 20 किलोच्या बादलीत दोन खोल्या आणि व्हरांडा उरकला. पुसायला गेलात की डाग पसरतो, म्हणून पुसत नाही.

डोंबिवली

फसलेले आधी म्हणालात म्हणून लिहितोय.

बेडरूमच्या एका भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे. 2017 ला खरवडून रंगवली. 2019 ला पुन्हा. 2021 ला दुकानदाराच्या सांगण्यावरून ओल अडवणारा महागडा डबा आणून मारला, तर पोपडे आणखी वर सरकले, खांद्यापर्यंत. तीन वेळचे मिळून 19,000 त्या एका भिंतीवर गेले असतील. बायको म्हणायची तिला सोन्याचा पत्रा ठोका.

मग ऑफिसातल्या एकाने साधी गोष्ट सांगितली. फूटभर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव दिसलं तर पाणी भिंतीतून येतंय. दुसऱ्या दिवशी थेंब आतून लोंबत होते. भिंतीपलीकडे आमचंच बाथरूम. प्लंबरने नळ बंद करून, चाव्या फिरवून, शेवटी न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीच्या, कडेची फट दाखवली. काडेपेटीची काडी जाईल एवढी. ती भरायला आणि कडेच्या चार टाइल्स बदलायला 2,600.

त्यानंतर आम्ही ती भिंत खरवडून तशीच उघडी ठेवली. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचो काम चालू आहे. अडीच महिने काम चालू होतं. लोणा फुटायचा, पांढरी भुकटी, ती कोरड्या ब्रशने झाडायची, पुन्हा फुटायचा. फुटायचा थांबला तेव्हा पुट्टी, अस्तर (प्रायमर), रंग. आता चौथं वर्ष. ओल असेल तर रंगाच्या दुकानात जाऊच नका, आधी प्लंबर.

ओहायो

इथलं थोडं वेगळं. रंगाच्या दुकानात 'मिसटिंट' नावाचं फडताळ असतं, म्हणजे कुणीतरी शेड बनवून घेतली आणि आवडली नाही म्हणून ठेवून गेलं. तो डबा अर्ध्याहून कमी किमतीत मिळतो. मुलीच्या खोलीसाठी दर शनिवारी चक्कर मारायचो, सातव्या शनिवारी फिका हिरवा मिळाला. आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "दवाखान्यासारखा आहे, पण छान आहे." मजुरी इथे परवडत नाही, त्यामुळे रंगारी मीच.

इचलकरंजी

मी रंगकामाच्या धंद्यातला आहे, 22 वर्षं. वर रंगात पाणी घालण्याचं लिहिलंय ते खरं आहे, नाकारत नाही. पण सगळ्यांत कमी दर मागून माणूस ठरवलात की तो कुठेतरी भरून काढणार.

खर्च कमी करायचा तर सांगतो. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर सगळं घर खरवडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. चिकटपट्टी भिंतीवर दाबून झटक्यात ओढा, रंग तिच्याबरोबर आला नाही तर भिंत चांगली आहे. ती साबणाच्या पाण्याने पुसा, 180 नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, खड्डे आणि चिरा तेवढ्या लांबीने (म्हणजे पुट्टीने) भरा, भरल्या जागी अस्तर. बस. सगळ्या घराला दोन हात पुट्टी ओढणं ही हौस आहे, त्यात मजुरी दुप्पट जाते.

शेड जुन्याच्या जवळची घ्या, फिकी. फिक्यावर फिका दोन हातांत बसतो, कधी एकातच. गडद निळा, मरून वगैरे हवा तर त्याचा बेसच (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग) महाग आणि तिसरा हात लागतो. एका भिंतीचा गडद म्हणून वेगळा चार लिटरचा डबा घेतलात की दोन लिटर पोटमाळ्यावर वाळून जाणार. सगळ्या घराला एकच रंग, एकच मोठी बादली. दुकानात मशिनवर शेड बनवून घ्या. स्टेनरची (शेड आणायच्या घट्ट रंगाची) बाटली हाताने ओतणार असाल तर सगळा रंग एकदम घोटा, अर्धा आज आणि अर्धा परवा केलात तर भिंतीच्या मधोमध रेघ दिसते आणि शिव्या आम्हाला.

छतावर पैसे वाचवा. तिथे कोणी हात लावत नाही, स्वस्तातला पांढरा चालतो. हात लागतो तो स्विचबोर्डभोवती आणि डायनिंगच्या खुर्च्यांमागे, तिथे धुता येणारा लावा.

दिवाळीच्या आधीचे 15 दिवस आम्हाला बोलवू नका. दर आमचा असतो आणि हात शिकाऊ पोराचा असतो. बादलीत निघणारं कंपनीचं टोकन (कुपन) रंगाऱ्याचं, त्यावर भांडू नका, त्यात आमचा एखाद्या दिवसाचा चहा-नाश्ता सुटतो. रिकामी बादली पण सहसा आमचीच.

गिरगाव

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनो, दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं 10 लाखात 90 भागांच्या वर नको हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आमच्या चाळीच्या दारांवर त्याआधीचे सात-आठ थर आहेत. नणंदेचा मुलगा तेव्हा रांगत होता. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ओलं घासलं, धूळ ओल्या फडक्याने टिपली, आणि चार दिवस त्याला आजोळी पाठवलं. पाच पैशांचाही जादा खर्च नाही.

नाशिक

आम्ही दोघांनी स्वतः केलं. रोलर, काठी, दोन ब्रश, मास्किंग टेप, सगळं मिळून 900. मजुरीचे 9,000 वाचले, त्यातले 700 मानेला लावायच्या मलमात आणि मालिशवाल्यात गेले. छत शेवटी करू म्हटलं हा पहिला गाढवपणा, रंगवलेल्या भिंतींवर सगळे शिंतोडे. दुसरा म्हणजे फरशीवर अंथरलेला पेपर. रंग झिरपून पेपरच चिकटला आणि हॉलच्या कोपऱ्यात राशिभविष्याचं पान अजून वाचता येतं. जुनी चादर अंथरा. टेप रंग पुरता वाळायच्या आत काढा, नाहीतर कड सोलून निघते.

छत आधी करा, पण शक्य असेल तर छताला माणूसच लावा.

धायरी, पुन्हा मी

झालं. उशिरा लिहितेय, कारण साखरपुडा उरकला आणि मग मीच आडवी झाले.

चिकटपट्टी ओढून बघितली, रंग निघाला नाही, म्हणून सगळं खरवडणं रद्द. फक्त बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर प्लॅस्टिक लावलं तर तिथे दव. डोंबिवलीकर, तुमच्यामुळे प्लंबर आधी आला, 3,200 घेऊन गेला. ती भिंत अजून उघडीच आहे, पुढे कपाट सरकवलंय. समारंभाला कुणाला कळलं नाही.

दोन रंगारी, पाच दिवस, माणशी रोज 900, म्हणजे 9,000. रंग 2,300, अस्तर 700, पुट्टी 650, रोलर-पेपर-टेप 850. दारांचा ऑइलपेंट 1,400. प्लंबर धरून 18,100. शेड मोतिया, सगळीकडे एकच. फ्रिजमागची भिंत आम्ही सोडून दिली, ती बघायला फ्रिज हलवावा लागेल.

कुठे चुकलं? सोफ्यामागे धुता येणारा लावायचा विसरले. पाहुणे गेले त्या रात्री बघितलं तर एक ठसा आलाय. उंचीवरून सासऱ्यांचा वाटतो.

टोकन रंगाऱ्यांना दिलं. बादलीवरून मात्र रंगारी आणि कामाच्या मावशी यांच्यात जिन्यात बोलाचाली झाली, दोघांचं म्हणणं होतं की रिकामी बादली रीतीने आपली. शेवटी मीच ठेवून घेतली. तिला बुडाशी भोकं पाडून कढीपत्ता लावलाय, दोघंही येता-जाता तिच्याकडे बघतात.