हवा, हवामान, वृष्टी, घनता: भूगोलातले जवळचे शब्द नेमके कुठे वेगळे होतात?

तळटीप:
भूगोलाविषयी मराठीत लिहिताना काही शब्द सतत एकमेकांच्या जागी येतात. पहिली जोडी हवा आणि हवामान यांची. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ‘हवा’ म्हणजे एखाद्या ठिकाणची, ठरावीक वेळची वातावरणाची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकाळच्या नोंदींवरून ठरलेली स्थिती. पण बातम्यांत ‘आजचं हवामान’ असतं, आणि हवा म्हणजे आपण श्वासात घेतो तीही. दुसरा घोळ वृष्टी, पर्जन्य आणि पाऊस यांचा. मानवी भूगोलात वितरण आणि घनता, जन्मदर आणि जननदर. यातला फरक वाचणाऱ्याला पटेल असा कसा सांगावा?

समदाब:
शब्दासोबत कोणता आकडा येतो ते आधी पाहा, म्हणजे बराचसा गुंता सुटतो. ‘दुपारी २ वाजता तापमान ३४ अंश, वारा पश्चिमेचा, सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के’ ही हवा. ‘मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३८ अंश’ हे हवामान. दुसरं वाक्य ऐकलं की ‘किती वर्षांची सरासरी?’ असं विचारावंच लागतं. पहिल्याला तो प्रश्न लागू पडत नाही.

जागतिक हवामान संघटनेचा दंडक ३० वर्षांचा आहे. सध्याचा प्रमाण कालखंड १९९१ ते २०२०. पाच-सात वर्षांचीच सरासरी काढली तर एखादं कडक दुष्काळाचं किंवा अतिवृष्टीचं वर्ष ती आपल्याकडे ओढून नेतं. जुन्या पुस्तकातला आकडा आणि नवा आकडा जुळत नसेल तर आधी दोन्हींचे कालखंड तपासा. १९६१ ते १९९० ची सरासरी आणि १९९१ ते २०२० ची सरासरी शेजारी ठेवून ‘यातला एक चुकीचा’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात.

‘हवामान म्हणजे सरासरी हवा’ ही व्याख्याही अपुरीच. दोन ठिकाणी वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो समजा. एकीकडे तो बाराही महिने थोडाथोडा येतो, दुसरीकडे चार महिन्यांत संपतो. वार्षिक सरासरी एकच, पण शेती, वनस्पती, नद्यांचं वाहणं, पाणी साठवायची गरज, सगळं वेगळं. म्हणून हवामान सांगताना सरासरीसोबत ऋतूंमधली विभागणी, टोकाची मूल्यं आणि दरवर्षीची तफावतही सांगावी लागते. व्लादिमीर कोपेन यांनी १८८४ पासून हवामानाचं जे वर्गीकरण मांडत नेलं, त्यात महिन्यांच्या सरासरीला इतकं महत्त्व आहे ते यामुळेच. सर्वांत थंड महिन्याचीही सरासरी १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर उष्ण कटिबंधीय वर्ग. सर्वांत उष्ण महिन्याचीसुद्धा १० अंशांखाली राहिली तर ध्रुवीय.

तळटीप:
मग ‘हवामानाचा अंदाज’ चूक म्हणायचा? अंदाज तर उद्या-परवाचाच असतो.

क्षितिज:
अजिबात नाही. ती संज्ञा पक्की रुळली आहे, मोडायला जाऊ नये. ‘हवामानशास्त्र’, ‘हवामान विभाग’, ‘हवामानाचा अंदाज’ या जोडशब्दांत हवामान व्यापक अर्थानं येतं, त्यात रोजची हवाही सामावते. उलट ‘हवेचा अंदाज’ लिहिलं तर वाचणारा प्रदूषणाकडे वळण्याची शक्यता जास्त.

हट्ट धरायचाच तर दुसरीकडे धरा. आठवडाभर गारठा पडला म्हणून ‘हवामान बदललं’ लिहू नका, ‘हवा बदलली’ म्हणा. ‘हवामान बदल’ ही संज्ञा दशकांच्या मापात बोलते. ती चार दिवसांच्या गारठ्याला लावली की ‘एवढी थंडी पडली, मग तापमानवाढ कुठे आहे?’ असा प्रश्न उभा राहतो, आणि तो निव्वळ शब्दाच्या सैल वापरातून आलेला असतो. इथे काटेकोर राहणं फार गरजेचं आहे.

‘वातावरण’ म्हणजे पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण. ‘वातावरण ढगाळ आहे’ बोलण्यात चालतं. नोंदीत ‘आकाश ढगाळ’ लिहावं, कारण निरीक्षक आकाशाचे ८ भाग कल्पून त्यातले किती झाकलेत ते लिहितो. ८ पैकी ६ म्हणजे पाऊण आकाश ढगांखाली. ‘जलवायू’ हिंदीतून येतो. मराठीत ‘हवामान’ असताना त्याची गरज दिसत नाही.

मोजपट्टी:
‘तापमान’ या शब्दातही एक गोष्ट गृहीत असते. कशाचं तापमान? हवा-हवामानाच्या नोंदीतलं तापमान हवेचं असतं, तेही सावलीतलं, जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवरचं. त्यासाठी पांढऱ्या रंगाची, झडपांसारख्या फटी असलेली लाकडी पेटी वापरतात, स्टीव्हन्सन पेटी. फटींतून वारा खेळतो, ऊन थेट पोचत नाही. उत्तर गोलार्धात तिचं दार उत्तरेकडे ठेवतात, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे, म्हणजे दार उघडून वाचन घेताना तापमापीवर ऊन पडत नाही. उन्हात ठेवलेली तापमापी स्वतः तापते आणि स्वतःचंच तापमान दाखवते. डांबरी रस्त्याचं किंवा उघड्या खडकाचं तापमान त्याच वेळी हवेपेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. ते भूपृष्ठाचं तापमान, त्याला तसंच म्हणावं.

‘तापमान कक्षा’ हा शब्दही विशेषण लावल्याशिवाय वापरू नये. दैनिक कक्षा म्हणजे त्या दिवसाचं कमाल वजा किमान. वार्षिक कक्षा म्हणजे सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी वजा सर्वांत थंड महिन्याची सरासरी. इथे वर्षातलं सर्वोच्च आणि सर्वांत कमी तापमान घेऊन वजाबाकी करणं ही नेहमीची चूक, त्यानं कक्षा फुगते. सिंगापूरची वार्षिक कक्षा जेमतेम २ अंशांच्या आसपास आहे, दैनिक कक्षा तिच्या तिपटीहून जास्त. सायबेरियातल्या वेर्खोयान्स्कला वार्षिक कक्षाच ६० अंशांच्या घरात जाते. नुसतं ‘कक्षा मोठी’ म्हटलं तर यातलं काहीच कळत नाही.

तळटीप:
वृष्टी, पर्जन्य, पाऊस?

समदाब:
वृष्टी हा सगळ्यांत मोठा वर्ग: पाऊस, हिम, गारा, आणि हिम व पाऊस मिसळून पडतात ते, सगळं त्यात येतं. पाऊस म्हणजे द्रवरूप वृष्टी. ‘पर्जन्य’ हा पावसाचाच संस्कृत शब्द, तो जोडशब्दांत पक्का बसला आहे: पर्जन्यमान, पर्जन्यछाया, प्रतिरोध पर्जन्य, अभिसरण पर्जन्य, आवर्त पर्जन्य. काही लेखक पर्जन्य वृष्टीच्या अर्थानं वापरतात. तसं करायचं असेल तर एकदा सांगून मग शेवटपर्यंत तसंच वापरावं. बर्फाळ प्रदेशाविषयी लिहिताना मात्र ‘वार्षिक पर्जन्य’ म्हणू नये, तिथे ‘वार्षिक वृष्टी’ हवं. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात जे थोडंफार पडतं ते हिमच.

दव आणि दहिवर वरून पडत नाहीत. बाष्प थंड पृष्ठभागाला लागून तिथेच द्रवरूप होतं, ते दव. पृष्ठभागाचं तापमान शून्य अंशाखाली असेल तर बाष्पाचे थेट हिमकण होतात, ते दहिवर. म्हणून पाठ्यपुस्तकं त्यांना वृष्टीत धरत नाहीत. मापनाच्या काही व्याख्यांत मात्र ढगांतून पडलेलं आणि हवेतून जमिनीवर साचलेलं असं दोन्ही पाणी वृष्टीत मोजतात, त्यामुळे दोन ठिकाणी दोन विधानं दिसली तर गोंधळू नये. ‘दव पडलं’ हा वाक्प्रचार आहे तसाच राहू द्या, प्रक्रिया समजावताना ‘दव साचतं’ म्हणा.

मोजपट्टी:
एकक नीट कळलं की वृष्टीची संकल्पना आपोआप कळते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जमिनीच्या १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. ‘पाऊस किती लिटर पडला’ हा प्रश्न क्षेत्रफळाशिवाय अर्थहीन आहे, आणि मिलिमीटरमध्ये क्षेत्रफळ आधीच भागून टाकलेलं असतं. त्यामुळे पर्जन्यमापीचं तोंड लहान असो की मोठं, खोली तीच यायला हवी. पण अट अशी की मापपात्र त्याच तोंडासाठी आखलेलं असावं. एका मापीचं पात्र दुसरीला वापरलं की सगळे आकडे एकाच प्रमाणात चुकतात, आणि अशी चूक लवकर लक्षात येत नाही. जोराच्या वाऱ्यात थेंब मापीच्या तोंडावरून उडून जातात आणि नोंद कमी होते. झाड किंवा भिंत जवळ असली तरी तेच.

हिमाची खोली आणि हिमातलं पाणी हे दोन वेगळे आकडे. ताजं हिम १० सेंटिमीटर साचलं तर वितळल्यावर ढोबळमानानं १० मिलिमीटर पाणी निघतं, पण कोरडं भुसभुशीत हिम त्याहून कमी आणि ओलं, घट्ट हिम बरंच जास्त देतं. वृष्टीच्या तक्त्यात वितळलेल्या पाण्याचा आकडा लिहितात.

क्षितिज:
आर्द्रतेविषयी इथेच लिहितो, कारण ‘हवेत खूप बाष्प आहे’ आणि ‘सापेक्ष आर्द्रता जास्त आहे’ ही दोन विधानं सर्रास एकच समजली जातात. एक घनमीटर हवा संपृक्त असताना, म्हणजे त्या तापमानाला मावेल तेवढं बाष्प तिच्यात असताना, तिच्यात १० अंशांना सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प असतं, २० अंशांना १७.३ आणि ३० अंशांना ३०.४ ग्रॅम. या कमाल प्रमाणाच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, ती सापेक्ष आर्द्रता. आता घनमीटरमागे ९.४ ग्रॅम बाष्प असलेली हवा घ्या. ती १० अंशांना असताना सापेक्ष आर्द्रता १०० टक्के. बाष्प तेवढंच ठेवून २० अंशांना ५४ टक्के, ३० अंशांना ३१ टक्के. बाष्पाचा कण वाढला नाही, घटला नाही, आणि टक्केवारी तिसऱ्या हिश्शावर आली. पहाटे सापेक्ष आर्द्रता जास्त आणि दुपारी कमी दिसते ती याच कारणानं. बाष्पाचं प्रत्यक्ष प्रमाण सांगायचं असेल तर ‘निरपेक्ष आर्द्रता’ म्हणा आणि ग्रॅममध्ये सांगा.

धुक्यालाही माप आहे. दृश्यमानता १ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच धुकं. त्याहून लांबचं दिसत असेल तर विरळ धुकं. धूर किंवा धूळ मिसळलेलं ते धुरकं.

तळटीप:
मानवी भूगोलात वितरण आणि घनता हे शब्द एकाच वाक्यात येतात, कधी एकाऐवजी दुसरा.

उंबरठा:
वितरण म्हणजे लोक कुठे आहेत, त्याचा नकाशावरचा आकृतिबंध. घनता म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे किती, ही भागाकाराची संख्या. घनता सांगितली म्हणून वितरण कळत नाही. इजिप्तचं उदाहरण घ्या. क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या १० कोटींहून जास्त, म्हणजे घनता चौरस किलोमीटरला शंभरावर. पण बहुतेक सगळे लोक नाईलच्या खोऱ्यात आणि त्रिभुज प्रदेशात, देशाच्या सुमारे ४-५ टक्के जमिनीवर राहतात. तेवढ्या जमिनीचाच हिशेब केला तर घनता दोन हजारांच्या पुढे जाते. बाकीच्या वाळवंटात ती शून्याजवळ. शंभर हा आकडा देशात जवळपास कुठेच लागू होत नाही.

घनता लिहिताना छेदात काय घेतलं ते सांगावंच: एकूण क्षेत्र की लागवडीखालचं क्षेत्र. आणि नकाशा निवडताना, घनता छटांनी दाखवतात, वितरण टिंबांनी. छटांच्या नकाशात जिल्हा किंवा देश एकाच रंगानं भरतो, त्यामुळे रिकामं वाळवंटही वस्तीचं दिसतं. टिंबांच्या नकाशात एका टिंबाचं मूल्य फार लहान ठेवलं की शहरांत नुसता काळा डाग उरतो, फार मोठं ठेवलं की विरळ वस्ती नाहीशी होते.

समदाब:
जन्मदर आणि जननदर यांचे छेदही वेगळे आहेत. जन्मदर म्हणजे वर्षभरातले जिवंत जन्म, दर हजार लोकसंख्येमागे. यात मुलं, म्हातारी माणसं, पुरुष सगळे छेदात येतात, त्यामुळे तरुण लोकसंख्येच्या देशाचा जन्मदर मुळातच जास्त दिसतो. एकूण जननदर दर स्त्रीमागे असतो: सध्याचे वयनिहाय दर कायम राहिले तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील. पिढीची जागा पिढीनं भरून निघायला तो साधारण २.१ लागतो. दोनपेक्षा थोडा जास्त, कारण काही मुली प्रजननाच्या वयापर्यंत पोचत नाहीत आणि जन्मणाऱ्यांत मुलगे थोडे जास्त असतात. जननदर २.१ च्या खाली गेला तरी तरुणांची संख्या मोठी असेल तर लोकसंख्या आणखी काही दशकं वाढत राहते. ‘जननदर घटला म्हणजे लोकसंख्या घटली’ हे विधान त्यामुळे चूक ठरतं.

उंबरठा:
दर हजारी आणि दर शेकडा यांची गल्लतही इथेच होते. जन्मदर २० आणि मृत्युदर ७ असेल तर नैसर्गिक वाढ दर हजारी १३, म्हणजे १.३ टक्के. ‘१३ टक्के’ लिहिलेलं दिसलं तर ७० भागिले टक्केवारी करून पाहा, लोकसंख्या दुप्पट व्हायला लागणारा काळ येतो. १.३ टक्क्यांनी सुमारे ५४ वर्षं. १३ टक्क्यांनी सुमारे साडेपाच वर्षांत दुप्पट, जे निव्वळ जन्मांवर होणं शक्यच नाही.

‘नैसर्गिक वाढ’ आणि ‘लोकसंख्या वाढ’ यांतही स्थलांतराचा फरक आहे. जन्म वजा मृत्यू ही नैसर्गिक वाढ. तीत आत आलेले मिळवले आणि बाहेर गेलेले वजा केले की लोकसंख्येतला बदल मिळतो. एखाद्या शहरात वर्षभरात ९,००० जन्म, ६,००० मृत्यू, २५,००० आले, ५,००० गेले, तर नैसर्गिक वाढ ३,००० आणि लोकसंख्या वाढ २३,०००. अशा शहराविषयी ‘जन्मदरामुळे लोकसंख्या फुगली’ असं लिहिलं तर कारणच उलटं सांगितलं जातं. पर्यटक आणि चार दिवसांसाठी आलेले पाहुणे आलेल्यांत धरत नाहीत, राहण्याचं नेहमीचं ठिकाण बदललं असेल तरच ते स्थलांतर. हंगामी मजुरांची मोजणी मात्र गणना कोणत्या महिन्यात झाली आणि माणूस जिथे सापडला तिथे मोजला की जिथला नेहमीचा रहिवासी तिथे, यावर अवलंबून असते. दोन गणनांची तुलना करण्याआधी दोन्हींची पद्धत एकच होती का ते पाहून घ्यावं.