मदत हवी आहे : जमैकातला बिडाचा जुना पूल बघायचाय
नमस्कार. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन जमैकाला चाललेय. किंग्स्टनपासून साधारण २० किलोमीटरवर, स्पॅनिश टाउनला रिओ कोब्रे नदीवरचा जुना पूल त्यांना दाखवायचाच आहे. १८०१ सालचा, इंग्लंडमध्ये ओतलेले भाग जहाजाने आणून जोडलेला. बाबांचा जन्म कोल्हापूरच्या फाउंड्रीत गेला. बिडाचं काम दिसलं की आधी बोटांनी साच्याचा सांधा चाचपतात.

कोणी गेलंय का तिथे? खालून कमानी बघायला नदीकाठी उतरता येतं का? बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून विचारतेय. किंग्स्टनहून दिवसभराची टॅक्सी ठरवावी की बस बरी? आम्ही दोघंच आहोत. त्या भागात फिरणं कितपत सुरक्षित, तेही मोकळेपणाने सांगा.