बायकोला कॅन्सर निघाला की तिला माहेरी का धाडतात?

तापीकाठचा (रावेर)
आमच्याकडची एक रीत लहानपणापासून बघतोय. नवऱ्याला कॅन्सर निघाला, बहुतेकदा तंबाखू-गुटख्याने तोंडाचाच, की बायको दोन लुगडी पिशवीत कोंबून त्याच्याबरोबर मुंबईची गाडी धरते. परळला टाटाच्या ओपीडीत नंबर लावते, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागेसाठी हात जोडते. तिच्यामागे घर कोण बघेल, हे कुणी विचारत नाही.

आणि बायकोला निघाला तर? स्तनाचा असो की गर्भाशयाच्या मुखाचा, चार दिवसांत ठरतं, "आईकडे राहू दे तिला, आराम पडेल." नवरा पैसे धाडतो, रोज फोन करतो आणि केमोला मेहुणा जातो.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जाणं वेगळं, आजारपणात धाडणं वेगळं. केमो बऱ्याचदा दर 21 दिवसांनी असते. लोकांना वाटतं सलाईनचा दिवस अवघड. खरा धोका साधारण दुसऱ्या आठवड्यात असतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्यावर. तेव्हा ताप 100.4 च्या वर गेला तर रात्रीच दवाखाना गाठायचा, घरची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. हे किती नवऱ्यांना माहीत असतं? डॉक्टर हे सांगतात तेव्हा ते समोर नसतातच. कुठली गाठ, कितवी स्टेज, पुढची तारीख कधी, यातलं काही ठाऊक नसलेला माणूस नवरा कसला, नुसता पैसे भरणारा.

केळीबाग
भाऊ, लिखाले सोपं शे. मी करून बसलोय म्हणून बोलतो. घड कापणीला आला की थांबत नाही. व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी असते, त्याच दिवशी माल द्यावा लागतो. मे महिन्यात एक वादळी वारं आलं तर उभी बाग आडवी. सालदार पाणी देईल, भाव ठरवेल का? महात्मा फुले योजनेत उपचार बसले तरी मुंबईचं राहणं, खाणं, टॅक्सी कोण देतं? तो पैसा बागेतूनच येतो ना?

दुसरं, आईजवळ बाई मोकळी होते. सासरी उलटी आली तरी आधी पदर सावरते, मग बादली शोधते. सासऱ्यासमोर, जेठासमोर डोक्यावरचे केस गेलेले दाखवायचे का तिने? माहेरी धाडणं म्हणजे टाकून देणं, हे तुम्ही कुठून काढलं?

धुळ्याची सून
केळीबाग भाऊंचं पदराचं म्हणणं सोळा आणे खरं. पण मग घर बदलायचं की बाई हलवायची?

माझी केमो सासरीच झाली. तोंडात फोड आलेले आणि घरात रोज फौजदारी डाळ, शेवभाजी, ठेचा. सासूबाई म्हणायच्या, काही खातच नाही, नखरे करते. वाईट नव्हत्या हो, तिखटाशिवाय जेवण असतं हेच त्यांना पटत नव्हतं. नवरा पहिल्या केमोला सोबत होता. तिथल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं, केमोत तोंडाला धातूची चव येते, स्टीलचा चमचा नको. त्याने प्लॅस्टिकचा चमचा आणला आणि मुगाची खिचडी निराळ्या पातेल्यात स्वतः टाकायला लागला. कच्ची राहायची कधी कधी. पण दोन घास जायचे. हे माझ्या भावाला कळलं असतं तरी माझ्या सासूच्या स्वयंपाकघरात शिरायची त्याची टाप नव्हती. नवऱ्याची होती.

आकडेमोड
2009 साली अमेरिकेत 515 रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. बायको आजारी असेल तर सुमारे 21 टक्के जोडपी वेगळी झाली, नवरा आजारी असेल तर 3 टक्केसुद्धा नाही. म्हणजे ही रीत फक्त रावेर-यावलची नाही.

नंदुरबारकर
तो अभ्यास मेंदूची गाठ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जारज्जूचा आजार) वाले धरून होता, स्तनाच्या कॅन्सरचा वेगळा नव्हता. अशाच विषयावरचा दुसरा अभ्यास 2015 मध्ये आकडे भरण्यातल्या चुकीमुळे लेखकांनाच मागे घ्यावा लागला. शिवाय तिकडे घटस्फोट मोजता येतो. आपल्याकडे बाई माहेरी राहते आणि कागदावर संसार चालूच असतो. ते कोण मोजणार?

मेहुणा
धाग्यात ज्याचा उल्लेख झाला तो मी. बहिणीला घेऊन दवाखान्यात मीच होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पूर्ण स्तन काढायचा की गाठ काढून पुढे रेडिएशन घ्यायचं, दोन्ही चालेल, तुम्ही बोलून ठरवा. बहीण माझ्यासमोर काय बोलणार? खाली मान घालून बसली. दाजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. दाजी म्हणाले, "डॉक्टर म्हणतील तसं." मागे ट्रॅक्टरचा आवाज. बहिणीने पूर्ण काढा म्हणून सही केली, तिला काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही. केळीबाग भाऊ, भावाला यात उभं करू नका हो. आई-बाप करतात, मीही करतो, पण काही गोष्टी नवऱ्यानेच बोलायच्या असतात.

तापीकाठचा (रावेर)
@केळीबाग, चोवीस तास उशाला बसा असं मी म्हणत नाही. निदान सांगतात तो दिवस, ऑपरेशन ठरतं तो दिवस आणि पहिली केमो, एवढं तरी? जळगाव-मुंबई रेल्वेने साधारण 420 किलोमीटर, रात्री बसलं की सकाळी तिथे. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. त्या सोबतच्याच्या जागेवर दर वेळी मेहुणाच का? रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, कितीतरी आठवडे चालतं, तेव्हा आई राहू दे की.

केळीबाग
म्हणजे वरच्या पोस्टमध्ये "पैसे भरणारा" म्हणून हिणवायचं आणि खाली तीन दिवसांवर यायचं. तीन दिवस मीही गेलो होतो. मेहुणा, तुमच्या दाजींचं चुकलंच, त्यात वाद नाही. पण ट्रॅक्टर बंद करून ते आले असते तरी "डॉक्टर म्हणतील तसं" हेच म्हणाले असते. आमच्यातल्या निम्म्यांना बायकोशी असलं बोलायची सवयच नाही, गाडीत बसवून ती कशी लागणार? आणि धुळ्याच्या ताई, तुमचा नवरा नोकरीवाला का? खिचडी टाकायला घरी होता म्हणून विचारतो.

धुळ्याची सून
नाही. मार्केट यार्डात हमाल आहे. पहाटे चारला टाकून जायचा.