मदत हवी आहे: सोलर हीटरच्या पाइपमधील हवा कायमची कशी काढावी?

समूहातील जाणकारांना नमस्कार. जुळे सोलापूर भागात आमचे दुमजली घर असून गच्चीवर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने गेल्या महिन्यात वरची टाकी पूर्ण रिकामी झाली आणि तेव्हापासून वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ उघडला की आधी गुडगुड आवाज, मग फसफसत तांब्याभर पाणी आणि नंतर करंगळीहून बारीक धार, असा प्रकार चालू आहे. खालच्या मजल्यावर मात्र धार व्यवस्थित येते.

मिक्सरचे (गार-गरम पाणी एकत्र सोडणाऱ्या जोडनळाचे) तोंड तळहाताने दाबून गार व गरम असे दोन्ही नळ उघडल्यास गार पाण्याच्या दाबाने हवा उलटी वर ढकलली जाते, हा उपाय मी दोनदा केला. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

काल गच्चीवर पाहिले, तर हवा बाहेर जाण्याच्या उभ्या पाइपवर कोणीतरी टोपण बसवलेले दिसले; बहुधा त्यातून पाणी ओघळत असावे. हा पाइप उघडा आणि गार पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा उंच असावा लागतो, म्हणून टोपण मी लगेच काढले आहे. आता पाइप नेमका किती वाढवावा? शिवाय नळाच्या जाळीत क्षारांचे पांढरे खडे सापडतात. धार बारीक होण्यामागे हवेपेक्षा क्षारच अधिक असतील, तर आतली लाइन न फोडता ते कसे काढता येतील?