इंग्रजी व्याकरणाचा गुंता तुम्हाला कोणी, कसा सोडवून दिला?

सांगलीची
लेक पाचवीत आहे. काल मी भाकऱ्या थापत असताना म्हणाली, "आई, आवरमध्ये पहिलं अक्षर एच, तरी ॲन. युनिव्हर्सिटीत यू, तरी अ. उलटं नाही का हे?" आमचे हायस्कूलचे सर आठवले एकदम. डोळे मिटायला लावायचे आणि शब्द मोठ्याने म्हणून घ्यायचे. कानाला स्वर ऐकू आला तर ॲन, अक्षर कुठलं का असेना. आवर 'आ'ने सुरू होतो, युनिव्हर्सिटी 'य'ने. एमएलएलाही म्हणूनच ॲन. लेकीला लगेच पटलं. तुमचेही अनुभव लिहा ना.

ठाणेकर
सिन्स आणि फॉर!! मराठीत 'सकाळपासून' नि 'दोन तासांपासून', दोन्हीकडे पासूनच, मग मुलं गोंधळणारच. आमच्या बाईंची युक्ती: 'झाले' लावून बघायचं. दोन तास झाले, जमतंय, म्हणजे फॉर. 'सोमवार झाले' जमत नाही, मग सिन्स. आता पुतण्याला हेच शिकवतो.

सोलापुरी
@ठाणेकर भारी, आजच वर्गात वापरते. माझी मुलं 'डिड वेन्ट' लिहितात. त्यांना सांगते, भूतकाळाचं ओझं डिडने उचललंय, 'गो'ला मोकळं सोडा.

देवगडकर
आम्हाला एबीसीडीच पाचवीत. 2000 पासून पहिलीला इंग्रजी आलं, तोवर आमची दहावी होऊन गेलेली. सरांचा मार मात्र कधी खाल्ला नाही, देवमाणूस. पावसात होडीतून यायचे शाळेत.

सांगलीची
@देवगडकर होडीतून?? सविस्तर लिहा की!

देवगडकर
रात्री लिहितो, आता बाजारात आहे.

न्यू जर्सीहून
इथे नवीन आलेल्या आपल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट सांगते. "फाईल मिळाली नाही ना?" याला आपण "हो, नाही मिळाली" म्हणतो, म्हणजे समोरच्याच्या बोलण्याला होकार. इंग्रजीत मात्र उत्तर वस्तुस्थितीला द्यायचं. नाही मिळाली, तर नो. नुसतं येस म्हटलं की समोरचा समजतो, मिळाली. मीटिंगमध्ये यावरून फार गैरसमज होतात, बिचारी पोरं घाबरतात.

सोलापुरी
अगदी गं. फोनवर तर जास्तच.

ठाणेकर
बाय फाइव्ह आणि टिल फाइव्ह कसं समजावता कोणी? पुतण्या अडलाय.

सोलापुरी
दुकान पाचपर्यंत उघडं, तिथे टिल. गृहपाठ पाचच्या आत कधीही उरकून दे, तिथे बाय. कुकर झाला, पळते.