मदत हवी आहे: टायटॅनिकच्या वादकांवरची एकांकिका आणि शेवटची धून

नमस्कार मंडळी,

आमचा ग्रुप टायटॅनिकवरच्या आठ वादकांवर एकांकिका बसवतोय. संहिता झाली, घोडं अडलंय संगीतापाशी.

गोष्ट बुडण्यापेक्षा नोकरीची जास्त आहे. हे वादक जहाजाच्या मालक व्हाइट स्टार कंपनीचे नोकर नव्हतेच. लिव्हरपूलच्या ब्लॅक बंधूंच्या एजन्सीने त्यांना पुरवलं होतं आणि ते दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर चढले होते. कंपनी थेट नेमायची तेव्हा महिना साडेसहा पौंड मिळायचे, एजन्सी मध्ये आल्यावर चार. १९१२ च्या त्या रात्री आठहीजण गेले. घरच्यांनी भरपाई मागितली तर कंपनी म्हणे, ते आमचे कामगार नाहीत. वर जॉक ह्यूम या व्हायोलिनवादकाच्या वडिलांना एजन्सीने गणवेशाचं बिल धाडलं! नाटकाचा शेवट त्या बिलावरच आहे.

आता अडचण. शेवटची धून कोणती घ्यावी? वाचलेला वायरलेस ऑपरेटर हॅरल्ड ब्राइड म्हणाला 'ऑटम'. म्हणजे बहुधा आर्चिबाल्ड जॉइसचा वॉल्ट्झ (तीन मात्रांची नाचाची धून). इतर अनेकांनी 'निअरर, माय गॉड, टू दी' हे भजन सांगितलं. त्याच्याही चाली तीन: डाइक्सची, सलिव्हनची आणि अमेरिकेत गातात ती मेसनची. १९९७ च्या सिनेमात मेसनची आहे, म्हणून दिग्दर्शक तिच्यावर अडून बसलाय. बँडप्रमुख वॉलेस हार्टली इंग्लंडातल्या कोल्न गावच्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) घरातला, वडील चर्चमध्ये गायकवृंद सांभाळायचे. तिकडचे मेथडिस्ट सलिव्हनची चाल गायचे, त्यामुळे मला तीच पटते.

आमचा व्हायोलिनवाला हिंदुस्थानी शिकलेला आहे, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही. कोणी सरगम लिहून देईल का? वसई-पुण्याकडचे चर्चमध्ये वाजवणारे कोणी आहेत का इथे?

प्रतिसाद १
नोटेशनचा फोटो टाका, सरगम मी लिहून देते. भजन चार आवाजांत असतं. वरची ओळ व्हायोलिनला, खालची चेलोला (व्हायोलिनचाच मोठा, खर्जातला भाऊ), मधलं पियानोवर. चेलो नसेल तर कीबोर्डवर भागेल. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मात्र अजिबात नको, सूर सरळ लावायला सांगा.

खरी तालीम वेगळीच लागेल. तुमचा वादक मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवत असणार. इथे उभं राहून हनुवटीखाली धरायचंय. तारांची जुळणीही त्याची सा-प ची असेल. ती तशीच राहू दे, प्रेक्षकांना कळणार नाही. उभं राहण्याची सवय आजपासून लावा.

प्रतिसाद २
वॉल्ट्झ आधीच्या प्रसंगात वापरा ना, भजन शेवटी. मग दिग्दर्शकाशी भांडण फक्त भजनाच्या चालीपुरतं उरेल.